‘वही पूर्ण’ म्हणजे नेमकं काय पूर्ण?

(नागोठणे इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर चहाच्या टपरीवरही होते. पण ज्या लेखनप्रकाराशी आपल्यातल्या प्रत्येकाचा संबंध आला, जो आपण वाचला, हाताने उतरवला, तपासून घेतला आणि विसरून गेलो, त्याच्याकडे समीक्षेच्या नजरेनं आपण बघत नाही. तो म्हणजे धड्याखालचा स्वाध्याय. आणि त्याच्या मागोमाग येणारी सगळी मंडळी: वर्गपाठ, गृहपाठ, प्रकल्प, प्रयोगवही, उपक्रम. आज आम्ही याच लेखनाची समीक्षा करणार आहोत. आम्ही म्हणजे शिकवण्यात आयुष्य गेलेली माणसं, त्यामुळे तटस्थ नाही, हे आधीच समजून घ्या.

सुरुवात शब्दापासून करू. स्वाध्याय हा फार जुना शब्द आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो, त्यात स्वाध्यायाकडे दुर्लक्ष करू नकोस असं सांगितलेलं आहे. म्हणजे गुरू समोर नसताना, परीक्षा नसताना, कुणी विचारणार नसताना जे करायचं ते स्वाध्याय. आता आपल्या पुस्तकातला स्वाध्याय बघा. प्रश्न दुसऱ्यानं काढलेला, उत्तर तिसऱ्यानं फळ्यावर लिहिलेलं, मुलानं ते उतरवलेलं, आणि खाली लाल शाईत सही चौथ्याची. यातला ‘स्व’ शोधायला भिंग लागेल.

बरं, प्रश्नांचे प्रकार तुम्हाला पाठ आहेत. एका वाक्यात उत्तरे लिहा. गाळलेल्या जागा भरा. जोड्या लावा. कोण कोणास म्हणाले. कारणे द्या. यातलं ‘कारणे द्या’ हे आम्हाला सगळ्यात विचार करण्यासारखं वाटतं, कारण दिसायला तो विचारांचा प्रश्न आहे. समजा विधान असं आहे की कोकणातल्या नद्या लांबीनं कमी आहेत, कारणे द्या. मुलगा लिहितो, सह्याद्री आणि समुद्र यांतलं अंतर कमी आहे म्हणून. बरोबर. दोन गुण. पण विधान खरं आहे की नाही हे त्याच्या हातात नव्हतं, ते आधीच ठरलं होतं. लांबी कमी म्हणजे कशाच्या मानानं कमी, हे त्यानं विचारलं नाही. आणि ज्या अंबा नदीच्या काठी तो राहतो, ती कुठून निघते, कुठं मिळते, हे त्या उत्तरात कुठंच आलं नाही. कारण दिलं, कारणमीमांसा झाली नाही.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. सरावाला आमचा विरोध नाही. पाढे पाठ पाहिजेत, जोडाक्षर दहादा गिरवलं पाहिजे, बेरीज हातच्यासकट यायला पाहिजे. २०२२ साली राज्यात गृहपाठच बंद करावा अशी चर्चा निघाली होती, तिच्यात आम्ही कधी सामील झालो नाही. सराव हा सराव म्हणून दिला तर मुलांना कळतो, तेही तो तसाच करतात. आमची तक्रार त्या कामाबद्दल आहे, जे विचार म्हणून दिलं जातं, विचार म्हणून तपासलं जातं, आणि ज्याच्यात विचार कुणाचाच नसतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ‘स्वमत’. दहावीला भाषा विषयांत आता प्रश्नपत्रिका नसते, कृतिपत्रिका असते. मराठीत ती नव्या अभ्यासक्रमाबरोबर आली, मार्च २०१९ च्या परीक्षेपासून. कल्पना खरोखर चांगली होती. उतारा द्यायचा, आकलनाच्या कृती द्यायच्या, आणि शेवटी विद्यार्थ्याला विचारायचं, तुझं मत काय? आम्हाला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पाठांतराचं दार बंद झालं असं वाटलं. आणि वर्षभराच्या आत बाजारात काय आलं? स्वमताची तयार उत्तरं. ‘माझ्या मते’ अशी सुरुवात करून पुढं सहा-सात ओळी छापलेल्या. मुलं त्या पाठ करतात. एका बाकावरच्या दोघांचं, एका वर्गातल्या चाळिसांचं, आणि पेणपासून रोह्यापर्यंत तेच गाईड वापरणाऱ्या सगळ्यांचं स्वतःचं मत शब्दाला शब्द एकच!

यावर हसणं सोपं आहे. पण जरा त्या मुलाच्या जागी बसून बघा. तो मूर्ख नाही, हिशोबी आहे. त्याला माहीत आहे की तपासणाऱ्याकडं गठ्ठा आहे, वेळ कमी आहे, आणि हाताशी अपेक्षित मुद्द्यांची यादी आहे. यादीतले मुद्दे दिसले की गुण. यादीबाहेरचं खरं मत लिहिलं, तर ते वाचायला थांबावं लागेल, आणि थांबेलच याची खात्री नाही. मग धोका कशाला घ्यायचा? त्याच्या पालकांनाही तेच वाटतं, शिक्षकांनाही तेच वाटतं. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे हा प्रकार. दहावीतलं पोर आपल्याच मताला ‘येत नाही’ म्हणतं, ‘सर, स्वमत येत नाही मला, लिहून द्या ना.’ हे वाक्य शिकवणाऱ्या माणसाला नवीन नाही.

आणि फक्त मुलांनाच कशाला बोलायचं? शिक्षकांचं बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन आलं. आपल्या राज्यानं २० ऑगस्ट २०१० ला त्याचा शासन निर्णय काढला. आकारिक आणि संकलित असे दोन भाग, आकारिकसाठी आठ साधनतंत्रं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर. शिवाय प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद. म्हणजे शिक्षकानं मुलाकडं बघावं आणि जे दिसलं ते दोन ओळींत लिहावं. यापेक्षा सुंदर काम शिक्षकाला कुणी दिलं असेल असं आम्हाला वाटत नाही. आणि झालं काय? वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. विषयवार, इयत्तावार. ‘वर्गात लक्ष देतो’, ‘दिलेले काम वेळेत पूर्ण करतो’, ‘अभ्यासात सातत्य हवे’. यादी मोबाईलवर येते, खालून वर एकेक नोंद एकेका मुलाला वाटली जाते. मुलाचं स्वमत गाईडमधून, शिक्षकाचं निरीक्षण पीडीएफमधून. दोघांनीही काम पूर्ण केलेलं असतं, बरं का. रकाना रिकामा नसतो.

हे येतं कुठून, याचा विचार करताना आपल्याला जरा मागं जावं लागतं. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात शाळांना अनुदान मिळण्याची एक पद्धत होती, तपासनीस यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, आणि निकालावर पैसे ठरायचे. साहजिकच शाळा तपासनिसासाठी चालायची. आपल्या जुन्या आठवणींत ‘दिपोटी येणार’ म्हटल्यावर शाळा सारवायची, फळा काळा करायचा, हुशार पोरं पुढं बसवायची, हे वर्णन येतंच. अनुदानाची ती पद्धत कधीच गेली. पण वहीचा वाचक मात्र तोच राहिला. वही ही मुलासाठी नाही, शिक्षकासाठीही नाही, ती उद्या येणाऱ्या तिऱ्हाइतासाठी आहे. पुरावा म्हणून. आणि पुराव्याला एकच अट असते, तो पुरा असला पाहिजे. चांगला असण्याची अट पुराव्याला नसते.

त्याच १८८२ सालात हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांची यादी आजही वाचण्यासारखी आहे: मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता येणं, हिशोब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. आम्हाला यात जे दिसतं ते असं की प्रत्येक गोष्टीला शाळेबाहेर गिऱ्हाईक आहे. सावकाराचा कागद मोडीत असायचा, म्हणून मोडी. हिशोब फसवला जायचा, म्हणून हिशोब. काम नीट आलं की नाही हे शिक्षकाच्या सहीवर ठरणार नव्हतं, सावकाराच्या ओट्यावर ठरणार होतं.

आता अलीकडच्या एका प्रयोगाकडं येऊ. मार्च २०२३ मध्ये शासनानं ठरवलं की दुसरी ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांत धड्यानंतर कोरी पानं जोडायची. ‘माझी नोंद’. २०२३-२४ पासून तशी पुस्तकं आली. जानेवारी २०२५ मध्ये ही पानं पुन्हा काढून टाकायचा निर्णय झाला. मुलं वह्या आणतच राहिली, दप्तराचं ओझं काही कमी झालं नाही, हे त्यामागचं मुख्य कारण.

या प्रयोगाची बऱ्याच जणांनी टिंगल केली. आम्ही करणार नाही. आमच्या मते पाठ्यपुस्तकाच्या इतिहासातलं ते एक धाडसाचं पान होतं. विचार करा, छापील धड्याच्या शेजारी, त्याच कागदावर, त्याच बांधणीत, मुलाला जागा दिली. बालभारती १९६७ साली स्थापन झाली, तेव्हापासून पुस्तक बोलत आलं आणि मूल ऐकत आलं. इथं पहिल्यांदा पुस्तक म्हणालं, माझं झालं, आता तू लिही. पण चूक अशी झाली की ते पान वजनाच्या तराजूत टाकलं गेलं. ते आणलं दप्तर हलकं करायला, आणि काढलं दप्तर हलकं झालं नाही म्हणून. त्या पानावर मुलानं काय लिहायचं, कुणासाठी लिहायचं, शिक्षकानं ते तपासायचं की नुसतं वाचायचं, याची चर्चा फारशी कुठं झालीच नाही. मग बऱ्याच ठिकाणी काय झालं असेल ते तुम्ही ओळखता. एक तर पान कोरं राहिलं, नाहीतर फळ्यावरची प्रश्नोत्तरं तिथं उतरवली गेली. ‘माझी नोंद’ या शीर्षकाखाली बाईंची नोंद! जागा मोकळी सोडली म्हणून मूल मोकळं होत नाही. वर्षानुवर्षं उतरवून घेण्याची सवय लागलेल्या हाताला कोरं पान भीतीच दाखवतं.

आपण आता ज्या परिसरात बसलो आहोत, तिथून पेण तालुक्यातलं गागोदं फार लांब नाही. विनोबा तिथले, जन्म ११ सप्टेंबर १८९५. या माणसानं १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला जाता जाता सुरतेला गाडी सोडली आणि काशीची वाट धरली, प्रमाणपत्रं त्याआधीच चुलीत घातली होती. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मुलांना तर फारच. पण तिचा अर्धाच भाग आपण सांगतो. परीक्षा सोडणारा हा माणूस कामाच्या बाबतीत भयंकर काटेकोर होता. वर्ध्याजवळ नालवाडीला त्यांनी रोज तासन् तास सूत कातलं, त्याच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का हे स्वतः जगून पाहिलं. गीताई लिहून झाली, छापून झाली, तरी तिच्यातले शब्द ते तपासत, बदलत राहिले. पुढं तिचा शब्दार्थकोशही केला. म्हणजे सही करणारा कुणी नसताना काम पुन्हा पुन्हा उघडून बघणं. स्वाध्याय म्हणतात तो हा.

आणि जाता जाता, हे व्याख्यान तुम्ही पुढं वाचणार आहात म्हणून सांगतो: गीता प्रवचने हे पुस्तकसुद्धा शब्दांकनच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. फळ्यावरून उतरवणं आणि ऐकून असं उतरवणं यातला फरक ज्याला बघायचा असेल त्यानं ते पुस्तक त्या नजरेनं वाचावं. अमळनेरला शिक्षक असताना हेच साने गुरुजी मुलांसाठी हातानं छात्रालय दैनिक लिहून काढायचे. त्यांच्या हाताला ती सवय होती.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, आणि नई तालीम उभी राहिली. झाकिर हुसैन यांचा एक आग्रह आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. हाताला काम दिलं म्हणजे शिक्षण झालं असं ते मानत नव्हते. काम काय आहे ते मुलाच्या मनात आधी स्पष्ट हवं, ते कसं करायचं याचा बेत त्यानं करायला हवा, मग ते करायला हवं, आणि झाल्यावर त्यानं स्वतःच ते बेताशी ताडून बघायला हवं. तरच ते शिक्षण. चार पायऱ्या. आता आपल्याकडच्या कुठल्याही प्रकल्पावर हे लावून बघा. पहिली, दुसरी आणि चौथी पायरी शिक्षकाकडं, मुलाकडं फक्त तिसरी. आणि तिसरीही बऱ्याचदा आईकडं.

त्या नई तालीमचं आपण काय केलं ते सांगायला नको. कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ मध्ये कार्यानुभव सुचवला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असं लांबलचक नाव दिलं. आणि वर्गात ते पोचलं तेव्हा आइस्क्रीमच्या काड्यांचं घर झालं होतं. तेही दुकानात तयार मिळतं.

आता नागोठण्याचंच उदाहरण घेऊ. पर्यावरणाचा किंवा भूगोलाचा प्रकल्प असतो, विषय ‘पूर: एक नैसर्गिक आपत्ती’. मुलं काय करतात? झेरॉक्सच्या दुकानात जातात, दहा-वीस रुपयांत माहितीची पानं छापून घेतात, चित्रं चिकटवतात. चित्र कुठलं? आसामचं, बिहारचं, कुठल्या तरी परदेशी शहराचं. व्याख्या, कारणं, परिणाम, उपाय, समारोप. वर पारदर्शक आवरण. दहापैकी नऊ.

आणि ज्या गावात हा प्रकल्प होतो, त्या गावाच्या एसटी स्टँडात अंबेचं पाणी शिरतं! पावसाळ्यात जिल्हा प्रशासन रोज नद्यांच्या पातळ्या जाहीर करतं, त्यात नागोठण्याच्या अंबेची धोक्याची पातळी ९ मीटर असते. जुलै १९८९ मध्ये याच अंबेनं वर जांभूळपाड्यात हाहाकार केला, ते पाहिलेली माणसं अजून आपल्या घरात आहेत. तर प्रकल्प असा का नसावा: आपल्या आळीतल्या पाच वयस्क माणसांना विचारा, ८९ ला पाणी कुठवर आलं होतं, २००५ ला कुठवर. भिंतीवर दाखवायला सांगा. जमिनीपासून मोजा. पाच जणांचे आकडे जुळतात का? नाही जुळले तर कुणाचं खरं धरायचं, आणि का? शिवाय हे बघा, अंबेची धोका पातळी ९ मीटर, आणि पलीकडं कुंडलिकेची डोलवहाळ बंधाऱ्यावर २३.९५ मीटर. म्हणजे कुंडलिका अंबेच्या अडीचपट खोल आहे का? की दोन ठिकाणी शून्य वेगवेगळ्या जागेवरून धरलाय? कुणाला विचारायचं? हा प्रश्न सहावीतलं पोर विचारू शकतं, आणि कुठल्याही गाईडात त्याचं उत्तर नाही. शिक्षकालाही कदाचित ते लगेच देता येणार नाही. मग दोघांनी मिळून पाटबंधाऱ्याच्या कचेरीला पत्र लिहावं. पत्रलेखनही झालं.

किंवा भरतीचं घ्या. मुसळधार पाऊस आणि धरमतरच्या खाडीला उधाण एका वेळी आलं की पाण्याला उतरायला वाट राहत नाही, हे इथं लहान मुलालाही ठाऊक असतं. आपल्या कोळी मंडळींचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहा वाजता. आता हे पाचवी-सहावीच्या अपूर्णांकाचं गणित झालं. पण पुढं चला. ३० तिथींत भरतीची वेळ फिरून पुन्हा जागेवर येते, म्हणजे २४ तासांत ३० भाग, तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला ३ मिनिटांची तफावत. अमावास्येपर्यंत १५ तिथींची ४५ मिनिटं. मग जुना हिशोब चुकीचा म्हणायचा का? होडी काढणाऱ्याला पाऊण तासाचा फरक चालतो का? आणि खाडीच्या तोंडाशी भरती येते त्यापेक्षा आत उशिरा पोचते, तो उशीर किती? एखाद्या वर्गानं पंधरा दिवस खाडीवर जाऊन वेळा लिहून ठेवल्या तर जे कोष्टक तयार होईल, ते त्या वर्गाआधी कुणाकडं नव्हतं. एके काळी मुंबईहून महाबळेश्वरला जाणारी मंडळी बोटीनं याच खाडीतून नागोठण्याला उतरायची. त्यांचं सगळं वेळापत्रक या गणितावर चालायचं.

अशा कामाला मुलं कंटाळत नाहीत असा दावा आम्ही करणार नाही. कंटाळतात. चौथ्या दिवशी खाडीवर जायला कुणी तयार नसतं. पण वही कोरी का राहिली याचं कारण तरी त्या वहीत खरं लिहिलेलं असतं, ‘आज गेलो नाही’. हे वाक्य आपल्या शाळेच्या वह्यांत किती दुर्मीळ आहे!

आता ज्या मुलांमुळं हा विषय आम्हाला घ्यावासा वाटला, त्यांच्याकडं येतो. आपल्या भोवतीच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, कोळशाच्या भट्टीवर जातात, काही पार कर्नाटकात. पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर जातात. शासनाची शिक्षण हमी कार्डाची योजना आहे, मूल जिथं जाईल तिथल्या शाळेत बसावं म्हणून, आणि काही शिक्षक त्यासाठी जिवाचं रान करतात, हेही आम्हाला माहीत आहे. पण मूल परत आल्यावर शाळा त्याला पहिलं काय विचारते? ‘वही कुठाय?’ आणि मग त्याला बसवलं जातं मित्राची वही समोर ठेवून, पाच महिन्यांची पानं उतरवायला. का, तर आकारिकच्या नोंदी भरायच्या आहेत, स्वाध्याय पूर्ण दिसायला पाहिजे. ज्या मुलाला आधीच वाचायला अडखळायला होतं, ते न कळणारी अक्षरं चित्रासारखी काढत बसतं. चार दिवसांनी वही पूर्ण होते. पाचव्या दिवशी मूल येत नाही. शिक्षक दुष्ट नसतो, तो रकाना भरत असतो.

हेच मूल भट्टीवर काय बघून आलंय? तिथं मजुरी हजार विटांवर ठरते. घरानं हंगामाआधी उचल घेतलेली असते. हंगाम संपताना हिशोब होतो, उचल फिटली की नाही, आणि बऱ्याचदा ती फिटलेली नसते. आईबापाला तो हिशोब वाचता येत नाही. फुल्यांनी १८८२ ला हिशोब का मागितला होता, ते इथं कळतं. त्या मुलाला पहिला स्वाध्याय असा का देऊ नये: दिवसाला किती विटा, हजाराला किती रुपये, किती दिवस, उचल किती, बाकी किती? त्याची वही पाच महिने कोरी नव्हती, ती आपल्याला दिसत नव्हती इतकंच. अर्थात हे काम नाजूक आहे. भट्टीमालकाच्या कानावर गेलं तर घराला त्रास होऊ शकतो, आणि घरचं कर्ज वर्गात उघडं पाडणं हाही अपमानच. त्यामुळं आकडे बदलून, सगळ्या वर्गाचं गणित म्हणून द्यावं लागेल. पण ज्याला ते गणित कशाचं आहे ते कळायचं, त्याला कळेल.

‘काम नीट झालं’ हे कसं ओळखायचं, असं लोक विचारतात. पेणला, हमरापूरला, जोह्याला गणपतीच्या कारखान्यात जाऊन या. तिथं फळीवर सगळ्या अवस्थांतल्या मूर्ती एकत्र असतात. साच्यातून नुकती निघालेली, घासून झालेली, पांढरा हात मारलेली, अंगाचा रंग झालेली. अर्धवट मूर्तीची कुणाला लाज वाटत नाही. नवीन पोरगं आलं की ते आधी घासकामाला बसतं. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती सगळ्यात सरावलेल्या हाताकडं. कच्चं काम झाकायचं नसतं, कारण पुढच्या माणसाला ते बघूनच पुढं जायचं असतं. आणि आपल्या शाळेत? खाडाखोड दिसली की गुण कापले. कच्ची वही वेगळी, पक्की वही वेगळी, आणि तपासायची फक्त पक्की. मुलानं कुठं विचार बदलला, कुठं चुकलं आणि कसं सावरलं, हे सगळं कच्च्या वहीत, आणि ती रद्दीत. साहित्याच्या अभ्यासात लेखकाचे खर्डे आपण काचेच्या कपाटात ठेवतो. मुलांचे मात्र फाडून टाकायला लावतो.

मोबाईलबद्दल एवढंच, की २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा वहीचे फोटो पाठवण्याची सवय लागली, आणि आता फोनला प्रश्न विचारला की तोच उत्तर लिहून देतो. याची आम्हाला फारशी भीती वाटत नाही. जे उत्तर यंत्राला काही क्षणांत देता येतं, ते मुलाकडून उतरवून घेण्यात काही अर्थ नव्हता, हे आता निदान लपवता येणार नाही. भिंतीवरची १९८९ ची खूण फोन मोजून देणार नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. शिक्षक म्हणतात, सर, हे सगळं वाचायचं कधी? हिशोब करू. वर्गात ४० मुलं. एका वहीला फक्त दोन मिनिटं दिली तरी ८० मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटांच्या दोन तासिकांहून जास्त, आणि तेही एकाच विषयाला. दोन मिनिटांत वाचून होत नाही, सही होते. तेव्हा ‘सही’ हा आळस नाही, तो या भागाकाराचा निकाल आहे. शिवाय जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती, सगळं त्यालाच.

आमचं म्हणणं इतकंच आहे की दिवसाला आठच वह्या घ्या. दहा मिनिटं एकेकीला. पाच दिवसांत ४० होतात. बाकीच्या बत्तीस त्या दिवशी बघायच्याच नाहीत, सहीसुद्धा करायची नाही. वाचून खाली एक खरं वाक्य लिहायचं, प्रश्नाच्या रूपात असलं तर फार उत्तम, आणि त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात त्याच पानावर मुलानं द्यायचं. काम चौपटीनं कमी होत नाही, तेवढंच राहतं, हे कबूल. आणि तपासणीला कुणी आलं तर सह्या कमी दिसतील, तेव्हा मुख्याध्यापक पाठीशी उभे राहणार का, हा प्रश्न आहेच. काही राहतात, काही राहत नाहीत. म्हणून हे एकट्या शिक्षकानं करण्यापेक्षा केंद्राच्या शिक्षण परिषदेत तीन-चार शाळांनी मिळून ठरवून केलेलं बरं. विस्तार अधिकाऱ्यांनाही तिथंच सांगता येतं.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई बराच वेळ हात वर करून बसल्यात, आधी त्यांना माईक द्या.